मुखवटा न रंगवता मास्किंग कसं दाखवायचं?

ओली_रेघ

ऑटिझम (स्वमग्नता) आणि मास्किंग या विषयावरची चित्रं शोधायला गेलं की एकच प्रतिमा पुन्हा पुन्हा पुढे येते. हसरा मुखवटा, त्याला गेलेला तडा आणि तड्यातून दिसणारा रडवेला 'खरा' चेहरा. मी मानवाकृती रंगवते, बहुतेक तैलरंगात. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं. ही प्रतिमा मला पटत नाही. का पटत नाही आणि तिच्या जागी काय येऊ शकेल, याबद्दल इथल्या चित्रकारांशी आणि ऑटिझम जवळून माहीत असलेल्यांशी बोलायचं आहे.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी थोडं आधी सांगते. मास्किंग म्हणजे आपलं ऑटिस्टिक असणं दुसऱ्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून चाललेली अखंड खटपट. डोळ्यांत बघणं सोसत नसलं तरी समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध नजर लावून ठेवायची. संभाषण आदल्या रात्री मनात रचून, घोकून जायचं. हात हलवावेसे वाटले की ते मांडीखाली दाबून बसायचं. दुसऱ्यांची मान डोलावण्याची लय, हसण्याची वेळ उचलायची. यातलं बरंचसं नकळत होतं. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ऑटिस्टिक प्रौढांच्याच तोंडून हे सगळं नोंदवलं आणि २०१९ मध्ये त्यावरून २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. डीएसएम-५ या २०१३ च्या निदान-पुस्तिकेतही लिहिलेलं आहे की शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणं पुढच्या वयात झाकली जाऊ शकतात.

आता मुखवट्याबद्दल. त्या चित्रात असं गृहीत धरलेलं असतं की आत एक पूर्ण, तयार चेहरा वाट बघतो आहे आणि मुखवटा उतरवला की तो दिसेल. माझा अनुभव तसा नाही. शाळेत एका मैत्रिणीची हसताना तोंडावर हात ठेवायची लकब मी उचलली. आज ती माझीच आहे, घरात कुणी नसतानाही मी तशीच हसते. ती काढून ठेवली तर खाली दुसरं हसू नाही, ते कधी वाढलंच नाही. डॉना विल्यम्स (१९६३-२०१७) ही ऑस्ट्रेलियन लेखिका स्वतः ऑटिस्टिक होती, चित्रं काढायची, शिल्पं करायची. तिने १९९२ च्या आत्मकथनात आपल्या दोन रूपांबद्दल लिहिलं आहे: सगळ्यांना आवडणारी कॅरोल आणि कणखर, सगळं माहीत असणारा विली. ती दोघं नुसती सोंगं नव्हती. तिचं जगाशी असलेलं नातं त्यांच्यातूनच चालायचं.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. मुखवटा निर्जीव असतो, एकदा चढवला की काम संपलं. मास्किंग हे मात्र निव्वळ कष्टाचं काम आहे, प्रत्येक क्षणाला नव्याने करावं लागणारं. ते स्नायूंनी होतं. आणि चित्रकार म्हणून मला जे रोज दिसतं ते असं की चेहऱ्यावर ते फार थोडं उमटतं. दिसतं ते कानाकडे चढलेल्या खांद्यांत, जबड्याच्या कोपऱ्यात, मुठीत कोंडलेल्या अंगठ्यात, बुटाच्या आत आवळलेल्या बोटांमुळे विचित्र टेकलेल्या पावलात. मानवाकृती हा प्रकार याच विषयासाठी जन्मला आहे असं मला वाटतं, आणि आपण मात्र तिच्या हातात एक कागदी मुखवटा देऊन मोकळे होतो.

तीन चित्रकार सध्या डोक्यात आहेत. जेम्स एन्सोरचं १८९९ चं मुखवट्यांच्या गर्दीतलं आत्मचित्र. त्याच्या कुटुंबाचं बेल्जियममधल्या ऑस्टेंडमध्ये शंख-शिंपले आणि मुखवट्यांचं दुकान होतं, त्यामुळे मुखवटे त्याच्या घरचेच. चित्र थोर आहे, पण त्यात उघडा चेहरा एकट्या एन्सोरचा आणि मुखवटे बाकी सगळ्या जगाचे. माझ्या विषयाच्या नेमकं उलट.

दुसरा अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट. त्याने रंगवलेलं 'मादाम एक्स' १८८४ च्या पॅरिस सलोन या प्रदर्शनात लागलं तेव्हा तिच्या पोशाखाचा उजवा पट्टा खांद्यावरून घसरलेला होता. गदारोळ झाला. प्रदर्शनानंतर सार्जंटने तो पट्टा पुन्हा रंगवून खांद्यावर चढवला. मला त्या चित्रात आता तेवढा पट्टाच दिसतो. बाकी शरीर जसंच्या तसं, लोकांसाठी दुरुस्त केलेली जागा फक्त एक.

आणि तिसरी, सगळ्यात जवळची, हेलेन शेर्फबेक (१८६२-१९४६). फिनलंडची. तिने तरुणपणापासून अखेरपर्यंत आत्मचित्रं केली. सुरुवातीची नीटनेटकी, अकादमीत शोभतील अशी. पुढे पुढे ती रंग खरवडून काढत गेली. १९४४-४५ च्या शेवटच्या चित्रांत डोळ्यांच्या खोबण्या, उघडं तोंड, कवटीची रेघ एवढंच उरतं. तिथे खरवडल्याच्या खुणा हाच चेहरा आहे.

माझं सध्याचं चित्र: एक बाई खुर्चीवर, आजूबाजूला माणसं, पण त्यांचे फक्त कोपर आणि गुडघे चौकटीत येतात. तिचा एक हात मांडीखाली. शरीर जमलं आहे. चेहऱ्यापाशी अडले आहे. तो कोरा ठेवला तर 'ऑटिस्टिक माणसं भावनाशून्य' या जुन्या समजुतीला हातभार लागतो. हसरा केला तर बघणाऱ्याला कष्ट दिसत नाहीत. तुम्ही काय केलं असतं?

चारकोल

फार चांगला विषय काढलात. चेहऱ्याच्या प्रश्नाकडे येण्याआधी एक गोष्ट, कारण ती तुमच्या कामाची आहे.

रेम्ब्रांटने १६३० च्या सुमारास, विशीत असताना, आरशासमोर बसून स्वतःची लहान लहान एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) केली. एकात तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, डोक्यावर टोपी. चित्र जेमतेम ५ सेंटीमीटरचं. दुसऱ्यांत राग, हसू. तो भाव आठवत किंवा अनुभवत बसला नव्हता, भाव चेहऱ्यावर 'घालून' बघत होता, पुढे मोठ्या चित्रांतल्या पात्रांना देता यावेत म्हणून. त्यानंतर शार्ल ल ब्रं याने १६६८ साली फ्रेंच अकादमीत व्याख्यान देऊन प्रत्येक भावनेचा नियमच बांधून दिला: आश्चर्यात भुवई अशी, भयात तशी, तिरस्कारात ओठ असे. त्याच्या मृत्यूनंतर १६९८ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं आणि पुढे कितीतरी काळ विद्यार्थी त्यावरून चेहरे गिरवत राहिले.

म्हणजे भावना आतून येण्याची वाट न बघता तिची बाहेरची रेघ शिकून घ्यायची, हे आमच्या धंद्यात रीतसर शिक्षण होतं. तुम्ही ज्या खटपटीबद्दल लिहिलंत ती एखाद्या मुलीने आरशासमोर एकटीने केली की तिला सोंग म्हणतात, रेम्ब्रांटने केली की अभ्यास. मी तुमच्या जागी असतो तर या अभ्यासाचंच चित्र केलं असतं. एका कागदावर वीस भुवया.

ओली_रेघ

चारकोल सर, ल ब्रंबद्दल वाचून अंगावर काटा आला. मी किशोरवयात मालिकांतले प्रसंग आवाज बंद करून बघायचे आणि कोणत्या क्षणी कोणाच्या कपाळावर काय होतं ते वहीत काढून ठेवायचे. चित्रकलेचा सराव म्हणून घरचे कौतुक करायचे. तो सराव होताच, पण चित्रकलेचा नंतर झाला. वीस भुवया नक्की करते.

साधाच_माणूस

चित्रांतलं मला फार कळत नाही, पण विषय वाचून एक शंका आली आणि ती मनापासून विचारतो आहे. हे तर सगळेच करतात ना? ऑफिसात गेलो की मीही वेगळा असतो. साहेबासमोर हसू येत नसताना हसतो. लग्नकार्यात नको असलेल्या गप्पा मारतो. मग यात ऑटिझमचं वेगळं असं काय? आणि वेगळं नसेल तर चित्र बघणाऱ्या माझ्यासारख्याला ते कसं कळावं?

तळटीप

साधाच_माणूस, हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनीही तो विचारला आहे. मी या क्षेत्रात काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

सगळेच जण प्रसंगानुसार वागणं बदलतात, खरं आहे. फरक तीन ठिकाणी पडतो असं मला वाटतं. पहिला, काय लपवायचं आहे. तुम्ही कंटाळा लपवता. ऑटिस्टिक व्यक्तीला आपली इंद्रियं लपवावी लागतात: दिव्याची गुणगुण कानात टोचते आहे, कपड्याची शिवण जाळते आहे, आणि हे काहीच होत नाहीये असं दाखवायचं. स्वतःला शांत करणारी हालचाल, म्हणजे स्टिमिंग, नेमकी तीच थांबवायची. दुसरा, किंमत. २०१८ मध्ये सारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांमध्ये लक्षणं झाकण्याचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध दिसला. २०२० मध्ये डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक बर्नआउटचं वर्णन केलं: दीर्घकाळ टिकणारा थकवा, येत असलेली कौशल्यं हरवणं, आवाज-उजेड सहन न होणं. साहेबासमोर हसून माणूस दमतो, पण त्याची बोलण्याची क्षमता सहसा जात नाही.

तिसरा फरक सगळ्यात बोलका आहे आणि ओली_रेघ यांच्या चित्राशी थेट जोडलेला आहे. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास बघा. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढांच्या अगदी छोट्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. काही सेकंदांतच ऑटिस्टिक व्यक्तींबद्दलचं मत प्रतिकूल झालं, यांच्याशी बोलायला आवडेल का, शेजारी राहायला आवडेल का, सगळ्यालाच कमी गुण. पण त्याच व्यक्तींचं बोलणं फक्त लिहून वाचायला दिलं तेव्हा तो फरक नाहीसा झाला. म्हणजे त्या लोकांचं म्हणणं कुणाला खटकलं नव्हतं, त्यांचं दिसणं आणि ऐकू येणं खटकलं. काही सेकंदांत. ज्या माणसाला आयुष्यभर हा निकाल सोसावा लागतो तो आपलं दिसणं सांभाळायला शिकणारच.

म्हणून डेमियन मिल्टन (स्वतः ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ) यांनी २०१२ मध्ये मांडलेली गोष्ट मला मोलाची वाटते: न समजणं दोन्हीकडून असतं, एकाच बाजूच्या डोक्यातला बिघाड म्हणून त्याकडे बघता येत नाही. चित्रात बघणाराही असतोच. ओली_रेघ, ते कोपर आणि गुडघे तुम्ही चौकटीत ठेवलेत हे मला फार योग्य वाटलं. कष्ट का करावे लागतात याचं उत्तर तिथे आहे.

साधाच_माणूस

धन्यवाद. तेच बोलणं नुसतं वाचलं की निकाल बदलतो, हे माहीत नव्हतं. त्यावर विचार करतो आहे.

पाणकावळा

मीही ऑटिस्टिक. चित्रकार नाही. आणि मला मुखवट्याचं चित्र आवडतं, हे इथे नोंदवून ठेवायचं आहे.

ओली_रेघ, तुमचा मुद्दा कळतो, पण तुम्ही तो एका चित्रकाराच्या जागेवरून मांडता आहात. निदान झाल्यावर मला घरच्यांना काहीतरी दाखवायचं होतं. अभ्यास, प्रश्नावल्या, लेख, कशानेच काही झालं नाही. तडा गेलेल्या मुखवट्याचं एक साधं, कदाचित वाईट चित्र दाखवलं आणि आई गप्प झाली. मग तिने विचारलं, "आमच्यासमोरही घालतोस?" इतक्या वर्षांतला तो पहिला खरा प्रश्न होता. वापरून गुळगुळीत झालेली प्रतिमा ज्याला पहिल्यांदाच दिसते त्याच्यासाठी नवीनच असते.

शिवाय सगळ्यांचं मास्किंग तुमच्यासारखं मुरलेलं नसतं. माझं नाही. मी दारातून आत आलो की ते उतरतं, मला अक्षरशः कळतं कधी उतरलं ते. आत एक माणूस आहे आणि तो मला आवडतो.

ओली_रेघ

पाणकावळा, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. तुमच्या आईचा प्रश्न माझ्या मनात राहील. मुखवट्याचं चित्र कुणी काढूच नये असं मला म्हणायचं नाही. ते एकच चित्र सगळ्यांच्या वतीने बोलतं आणि ज्यांचा चेहरा त्या दुरुस्तीतूनच घडला, त्यांना त्यात जागा सापडत नाही, हे माझं दुखणं आहे. तुमचा दारातला क्षण मात्र मुखवट्याशिवायही रंगवता येईल. खांदे खाली येतात का तेव्हा? आधी काय सैल होतं?

पाणकावळा

जबडा. मग हात हलायला लागतात. खांदे बऱ्याच वेळाने.

दुपारची_वेळ

ताई, मी एका ऑटिस्टिक मुलीची आई. ती खूप चित्रं काढते, पण तिच्या माणसांना चेहरे नसतात. तोंड असतं फक्त, तेही दातांसकट, अगदी बारकाईने. शाळेतल्या बाई म्हणाल्या की डोळे काढायला शिकवा, नाहीतर भावनिक वाढ खुंटते. मी तिच्या मागे लागायला सुरुवात केली आहे आणि तिने चित्रं काढणंच कमी केलं. काय करू?

तळटीप

आधी मागे लागणं थांबवा, ही कळकळीची विनंती. डोळे न काढल्याने भावनिक वाढ खुंटते याला काहीही आधार नाही. ती जे बघते ते काढते आहे. २००२ मध्ये आमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी चित्रपटातले प्रसंग दाखवून नजरेची नोंद घेतली तेव्हा त्यांच्या अभ्यासातल्या ऑटिस्टिक तरुणांची नजर डोळ्यांपेक्षा तोंडावर जास्त वेळ होती. नंतरच्या अभ्यासांत हे सगळीकडे सारखं आढळलं नाही, त्यामुळे नियम म्हणून धरू नका. पण बोलणं तोंडातून येतं, आणि बोलणं समजून घ्यायला ज्याला कष्ट पडतात तो तोंडाकडे बघणार, यात आजार कुठे आला?

ओली_रेघ

तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत. आणखी एक सांगते, चित्रकार म्हणून. चक क्लोज (१९४०-२०२१) या अमेरिकन चित्रकाराला चेहरे ओळखूच यायचे नाहीत, समोर दिवसभर बसलेल्या माणसाचाही नाही. आणि तो जन्मभर चेहरेच रंगवत होता. छायाचित्रावर चौकटी आखून, एकेक चौकट सुटी रंगवून. १९६७-६८ चं त्याचं मोठं आत्मचित्र पावणेतीन मीटर उंच आहे. सपाट झाल्यावर चेहरा लक्षात राहतो, असं तो सांगायचा. ज्याला जे कठीण जातं त्यातूनच त्याची पद्धत निघते. तुमच्या मुलीला दातांसाठी चांगली टोकदार पेन्सिल आणून द्या, आणि तिची वही तिच्या परवानगीशिवाय बाईंना दाखवू नका. चित्र ही तिला मास्किंगशिवाय राहता येईल अशी एक जागा आहे, तिथेही 'असं नाही, तसं काढ' सुरू झालं तर ती कुठे जाणार?

दुपारची_वेळ

रडू आलं वाचून. आज काही बोलणार नाही तिला. पेन्सिल आणते.

शाईचा_डाग

वाचनखूण साठवली. शेर्फबेकची शेवटची आत्मचित्रं ओली_रेघ यांच्यामुळे पहिल्यांदा बघितली, झोप उडाली. एकटं राहणं, तोच विषय पुन्हा पुन्हा, लोकांपासून लांब. तीही ऑटिस्टिक असावी का?

तळटीप

मेलेल्या माणसांचं निदान करू नये असं माझं ठाम मत आहे. शेर्फबेक चार वर्षांची असताना जिन्यावरून पडली, कंबर मोडली, जन्मभर लंगडत चालली. एकटेपणाला कारणं पुष्कळ असतात. तिच्या चित्रातून आपल्याला आपलं काही सापडतं, तेवढं पुरे.

शाईचा_डाग

मान्य. मग निदान न करता एक चित्र सुचवतो. भूपेन खख्खर यांचं १९८१ चं 'यू कान्ट प्लीज ऑल'. बाल्कनीत एक नग्न पुरुष उभा आहे, खाली बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट घडते आहे. सगळ्यांचं ऐकता ऐकता शेवटी गाढवच जातं, ती गोष्ट. खख्खर समलिंगी होते आणि हे चित्र ते तसं उघडपणे जगायला लागले त्या काळातलं. विषय ऑटिझमचा नाही. पण जगाला खूश ठेवण्याचं काम खाली चाललं आहे आणि तो माणूस वरून ते बघतो आहे, त्याच्या अंगावर काही नाही, आणि चेहरा आपल्याकडे वळलेला नाही. ओली_रेघ, तुमच्या बाईने आपल्याकडे बघितलंच पाहिजे का?

ओली_रेघ

या प्रश्नावर मी आज दिवसभर आहे. पाठमोरी केली तर चेहऱ्याचा प्रश्न सुटतो, पण तो सुटायला मला नको आहे. तिला तिथे बसून चेहरा सांभाळावा लागतो आहे. मीच तिला त्यातून सोडवलं तर चित्र खोटं होईल.

कोपरा

मी चित्रकार नाही, चित्रकारांसमोर बसतो. मॉडेल म्हणून बरीच वर्षं. हसण्याबद्दल सांगतो, कारण ते मला माहीत आहे.

हसू धरून ठेवता येत नाही. हात वर धरून ठेवता येतो, मुंग्या येतात, पण येतो. हसू मिनिटाच्या आतच मरायला लागतं. आधी डोळ्यांखालचा भाग सोडतो. गाल वर राहतात, पण त्यांना खालून आधार नसतो. मग वरचा ओठ थरथरतो. ओठांचे कोपरे सर्वांत शेवटी पडतात, कारण तेवढंच जाणूनबुजून धरलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला अजून हसूच दिसतं, मला आतून कळतं की आता फक्त दोन दोऱ्या ओढून धरल्या आहेत. साधारण २० मिनिटांनी आम्हाला विश्रांती देतात, हसऱ्या बैठकीत तर त्याच्या खूप आधी द्यावी लागते. ताईंनी लिहिलेलं वाचताना सारखं तेच डोक्यात येत होतं: यांना विश्रांती कोण देतं?

चारकोल

कोपरा यांनी जे लिहिलं त्याचं शास्त्र दुशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये मांडलं होतं. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन. गाल वर ओढणारा स्नायू मनाच्या हुकमाने चालतो, डोळ्याभोवतीचा सहसा आनंद असल्याशिवाय नीट साथ देत नाही. (पुढच्या संशोधनाने दाखवलं की बऱ्याच लोकांना तोही मुद्दाम हलवता येतो. मास्किंग करणाऱ्यांनी तर तेही शिकून घेतलेलं असणार.) ओली_रेघ, तुमचा चेहरा इथे आहे. कोरा नको, हसराही नको. धरून ठेवलेल्या हसण्याचं पहिलं मिनिट संपल्यावरचा चेहरा. डोळ्याखालचा भाग सुटलेला, कोपरे अजून वर.

आता थर. तुम्ही लिहिलंत की खाली दुसरा चेहरा नाही. तैलचित्रात हे सांगण्याची सोय आहे. जुन्या इटालियन फळीचित्रांत, तेराव्या-चौदाव्या शतकातल्या, त्वचेखाली हिरव्या मातीच्या रंगाचा थर द्यायचे आणि त्यावर गुलाबी. शतकानुशतकांच्या साफसफाईने आणि झिजेने गुलाबी उडालं आणि चित्रांतल्या कित्येक मॅडोना, म्हणजे येशूची आई मेरी, आज हिरव्या दिसतात. तो हिरवा म्हणजे तिचा 'खरा' चेहरा नव्हे. तोही चित्रकारानेच लावलेला. पण गुलाबीला जिवंतपणा त्याच्यामुळेच होता. तुमच्या बाईच्या कपाळावर आणि गालावर गुलाबी पूर्ण द्या, जबड्याशी आणि मानेपाशी पातळ करत जा, मुठीपर्यंत येईतो हिरवा उघडा पडू द्या. मास्किंग जिथे पोचत नाही तिथे.

ओली_रेघ

सर, हे करणारच. पुसून-खरवडून पुन्हा रंगवलेल्या जागा मला दिसायला हव्या आहेत. जुन्या चित्रांत खालची रेघ वर्षांनी वर येते, पेंटिमेंटो, ती मुद्दाम आणता येईल का?

चारकोल

वाट बघायची तयारी असेल तर आपोआप येईल. तेल जुनं होत जातं तसा रंगाचा थर जास्त पारदर्शक होतो, शिशाच्या पांढऱ्यात हे विशेष दिसतं. पिकासोच्या १९०१ च्या 'ब्लू रूम'खाली बो टाय लावलेल्या माणसाचं अख्खं चित्र आहे. वरच्या रंगाशी न जुळणारे कुंचल्याचे फटकारे जाणकारांना आधीपासून खटकत होते, अवरक्त किरणांनी माणूस स्पष्ट दिसला. तुम्हाला आजच हवं असेल तर खालचा हात गडद, पातळ, टर्पेंटाइनमध्ये ओढा आणि पूर्ण वाळू द्या. वरचा थर तेलकट ठेवा पण झाकणारा नको, टायटॅनियमच्या पांढऱ्याऐवजी झिंकचा पांढरा फार थोडा वापरा. झिंकचं प्रमाण वाढवलं की थर ठिसूळ होऊन तडे जातात, त्यामुळे आधी फळीच्या तुकड्यावर करून बघा. हात दोन जागी दिसेल: एक हलणारा, एक दाबलेला.

शाईचा_डाग

एक शेवटचं विचारतो. चित्राशेजारच्या चिठ्ठीवर 'ऑटिझम' लिहिणार का? लिहिलं तर लोक चित्र बघायच्या आधी निदान बघतील. नाही लिहिलं तर साधाच_माणूस यांचा पहिला प्रश्न तसाच उभा राहतो.

पाणकावळा

लिहा. लपवण्यावरच्या चित्रात तेच लपवलं तर कसं चालेल.

तळटीप

मला उलट वाटतं. लिहायचं की नाही हे पूर्णपणे ओली_रेघ यांच्यावर असावं आणि चित्रागणिक बदलावं. आपली ओळख उघड करण्याने नोकरी, नाती, उपचार, सगळ्यांवर परिणाम होतात. कुणी उघड करत नसेल तर तो भेकडपणा नव्हे.

ओली_रेघ

दोघांचंही पटतं. ठरवलं ते असं: शीर्षकात नाही, चिठ्ठीवर आहे. शीर्षक देणार 'बैठक', कारण ती समाजातही बसली आहे आणि माझ्यासमोरही. चिठ्ठीवर माध्यम, माप, वर्ष आणि एक ओळ, की चित्रकार ऑटिस्टिक आहे. बाई ऑटिस्टिक आहे असं लिहिणार नाही. तिच्याबद्दल जे कळायचं ते तिच्या हातावरून कळू दे.

आणि कोपरा, तुम्हाला पटत असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवते. या चेहऱ्यासाठी मला धरून ठेवलेल्या हसण्याचा अभ्यास करायचा आहे, आरशात माझा होत नाही. आरशात बघून रंगवायला लागले की काम करणारा चेहरा समोर येतो, हसणारा पळून जातो. बैठकी अगदी छोट्या ठेवू, थांबा म्हणालात की थांबायचं.

कोपरा

चालेल. थांबा कधी म्हणायचं ते मी ठरवणार, आणि मधल्या वेळात कुणी माझ्याशी बोलायचं नाही. एवढ्या दोन अटी.

ओली_रेघ

दोन्ही मंजूर. दुसरी तर माझीही आहे.